जखमी मजुराचे दिवस कोणाच्या हिशेबी धरावे?

दुसऱ्याच्या कामावर असता मनुष्यास इजा झाली, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च काम देणाऱ्याने सोसावा, ही गोष्ट आपल्या लोकांस पटवून देण्यास फारसे श्रम पडत नाहीत. विहिरीवर दगड उचलताना एखाद्याचे बोट चेपले, तर बागाईतदार त्यास गाडीत घालून दवाखान्यात नेतो, पट्टी बांधवितो, आणि आपण आपले कर्तव्य केले असे मानतो. परंतु त्या मनुष्याचा हात पुढे पंधरा दिवस गळ्यात बांधलेला राहतो. त्या पंधरा दिवसांची मजुरी कोणी द्यावयाची? आणि सोळाव्या दिवशी तो परत आला, तर त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेविलेली असावी की नाही? येथे मात्र पुष्कळांची जीभ अडखळते. ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाची मजुरी कसली, असे उत्तर येते. आणि हे उत्तर देणारा मनुष्य स्वभावाने वाईट असतो असेही नाही.

इजेपासून दोन निरनिराळी देणी उत्पन्न होतात, हा भेद फार प्राचीन काळी लोकांच्या ध्यानी आला होता. बाबेलचा राजा हम्मुराबी याचे कायदे ख्रिस्तापूर्वी सुमारे अठराव्या शतकात काळ्या शिळेवर कोरले गेले. ती शिळा हल्ली पॅरिस शहरातील लूव्र संग्रहालयात आहे. त्यांतील २०६व्या कलमात असे ठरविले आहे की, भांडणात एकाने दुसऱ्यास जखम केली आणि आपण जाणूनबुजून मारले नाही अशी शपथ वाहिली, तर त्याने वैद्याचा खर्च द्यावा म्हणजे झाले. मोशेच्या नियमशास्त्रातही जवळजवळ हाच प्रसंग घेतलेला आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मार खाल्लेला मनुष्य मेला नाही पण अंथरुणास खिळला, आणि पुढे काठी टेकीत बाहेर हिंडूफिरू लागला, तर मारणाऱ्यावर दोन गोष्टी लादल्या आहेत. त्यास पुरता बरा करविणे, आणि त्याचा जो वेळ बुडाला तो भरून देणे. वैद्याचे देणे दोन्हीकडे आहे. बुडालेल्या वेळाचे देणे मात्र दुसऱ्यातच निराळे मोजले आहे.

कोणी म्हणेल की, तेथे मारणारा हात होता. कारखान्यात मालक कोणास मारीत नाही. हे खरे आहे. तथापि कामाचा वेग कोण ठरवितो हे पाहावे. पट्ट्यावरून दर तासास इतके नग गेलेच पाहिजेत असे मालक ठरवितो, आणि त्या वेगाचा नफा मालकाच्या पेढीवर जमा होतो. त्याच वेगापायी एखाद्याचा खांदा निखळला, तर तो तोटा तेवढा मजुराच्या घरी पाठवावा, हे कोणत्या तराजूत बसते? रागाने मारलेला मार नव्हे म्हणून मालकास गुन्हेगार म्हणू नये, इतके आम्ही मान्य करू. परंतु गुन्हा नाही म्हणून देणेही नाही, असे होत नाही.

शेतकऱ्यास हा विचार बैलाच्या बाबतीत कोणी शिकवावा लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करितो. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले त्यास हळद व लोणी चोळतो. बैलास खांदेसूज आली, तर कितीही घाईचा हंगाम असो, शहाणा शेतकरी त्यास जुंपीत नाही. तो गोठ्यात उभा राहून कडबा खातो आणि त्या कडब्याचा हिशेब त्याच्याकडे कोणी मागत नाही. ह्यात माया आहे हे खरे, पण पैसाही आहे. बैल विकत घेतलेला असतो. तो मोडला तर धन्याचे भांडवल मोडते. मजूर विकत घेतलेला नसतो. तो मोडला तर कंपनीचे काय मोडले? दारावर दुसरा उभाच असतो. स्वतंत्र मनुष्य म्हणून ज्याचा दर्जा बैलाहून अनंतपटीने मोठा, त्याच्या वाट्यास ह्या एका बाबतीत बैलाहून उणी वागणूक यावी, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. विकत घेतलेल्या माणसाची तरी काळजी होते, असेही कोणी समजू नये. दावीदाच्या लोकांस रानात जो मिसरी तरुण अर्धमेला सापडला, तो एका अमालेक्याचा दास होता, आणि तीन दिवसांपूर्वी आजारी पडला म्हणून त्याच्या धन्याने त्यास वाटेत टाकून दिले होते, अशी हकीकत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. तो धनी नुकताच गावे लुटून परत चालला होता. त्यास माणसांची काय वाण! जेथे दुसरा मनुष्य स्वस्तात मिळतो, तेथे पहिल्याची थांबून वाट पाहण्याचे धन्यास कारण उरत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या युगात हा प्रश्न न्यायालयापुढे कसा आला, त्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात बोस्टन ते वुस्टर अशी आगगाडी होती. तिच्यावर फार्वेल नावाचा एक इंजिन हाकणारा होता. इ. स. १८३७मध्ये सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेविल्यामुळे त्याचे इंजिन रुळावरून घसरले आणि त्याचा उजवा हात चेंगरून गेला. त्याने कंपनीवर फिर्याद केली. १८४२ साली तेथील मुख्य न्यायाधीश लेम्युअल शॉ यांनी ती फेटाळली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, इंजिन हाकणे धोक्याचे आहे हे त्यास ठाऊक होते. त्यास रोजी दोन डॉलर मिळत, आणि ही मजुरी त्याच्या पूर्वीच्या कामाच्या मजुरीहून अधिक होती. तेव्हा धोक्याची किंमत मजुरीतच येऊन चुकली आहे असे धरले पाहिजे. शिवाय चूक कंपनीची नव्हे, सोबतच्या नोकराची होती.

न्यायाधीश विद्वान होते आणि त्यांच्या निकालात सरळ तर्क आहे, म्हणूनच तो नीट तपासावा. मजुरीत धोक्याचा मोबदला आला, असे म्हणण्यास मजुरास दुसरे काम मिळण्याजोगे असले पाहिजे, आणि हात गेल्यास आयुष्यभर काय लागेल हे त्यास आधी मोजता आले पाहिजे. हे त्यास कोठून मोजता येणार? एका माणसाच्या आयुष्यात हात एकदाच तुटतो किंवा तुटतच नाही. मोजता येते ते कंपनीस. दोन गडी ठेवणाऱ्या शेतकऱ्यास अपघात हा दैवयोग असतो. त्याच्यावर सगळा भार घालणे कठोर होईल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या कंपनीपाशी हजारो माणसे कामास आहेत, तिला पुढील वर्षी सुमारे किती जण जखमी होतील हे तेलाच्या व कोळशाच्या खर्चाइतकेच ठाऊक असते. जो खर्च आधी ठाऊक आहे, तो मालाच्या किमतीत धरता येतो. तो न धरिता जखमी माणसाच्या बायकोमुलांवर ढकलणे, हे अज्ञानाने घडत नाही.

हा विचार पुढे कायद्यांनीही हळूहळू स्वीकारला. जर्मनीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा व १८८४ साली अपघाताच्या विम्याचा कायदा झाला. इंग्लंडात १८९७ साली, आणि आपल्या देशात १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. आपल्याकडील त्या कायद्याने अंशतः वेळाचेही देणे ओळखले, पण ते अर्ध्या मजुरीच्या आसपासच. पुढे प्राध्यापक आडारकर यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालावरून १९४८चा राज्य विमा कायदा आला, आणि त्याच्या ७३व्या कलमात असे ठरले की, मनुष्य आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असता मालकाने त्यास कामावरून काढू नये. हे कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. पैसा आणि जागा, दोन्ही मिळून वेळाचे देणे पुरे होते, हे ते लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. आता हे दोन्ही कायदे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिळविले असून ती २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली आहे.

कायदा झाला म्हणजे देणे फिटले असे नव्हे, हे अमेरिकेतीलच दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९९३ साली कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा झाला. पात्र नोकरास गंभीर आजारपणात वर्षातून बारा आठवडे रजा मिळते व त्याची जागा राखली जाते. मात्र रजा बिनपगारी. ज्याने त्या मालकाकडे निदान बारा महिने व मागील वर्षात १,२५० तास काम केले आहे, त्यासच ती मिळते. आता अॅमेझॉन ह्या प्रचंड कंपनीची गोष्ट पाहा, जिच्यापाशी २०२४ अखेर पंधरा लाखांहून अधिक नोकर होते. न्यूयॉर्क टाइम्स ह्या वृत्तपत्राने २०२१ साली प्रसिद्ध केले की, तिच्या गोदामांसारख्या ठिकाणच्या तासावारी नोकरांची वर्षाकाठी गळती शेकडा दीडशेच्या सुमारास होती. ह्याचा अर्थ, सरासरीने मनुष्य सुमारे आठ महिनेच टिकत असे. कायद्याची ओसरी बाराव्या महिन्यापाशी, आणि माणसे आठव्या महिन्यात बाहेर! ज्यांस ओझी उचलून इजा व्हावयाची, त्यांतील पुष्कळ त्या ओसरीपर्यंत पोहोचतच नाहीत.

पण आमच्या विषयाशी याहून निकट अशी हकीकत त्याच वृत्तपत्राने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दिली. ज्यांची रजा मंजूर होती अशा आजारी नोकरांस, नव्या मातांस व इतरांस ती कंपनी निदान दीड वर्ष ठरल्यापेक्षा कमी पैसे देत आली होती. रजेचा हिशेब ठेवणारे एक यंत्र आणि हजेरी घेणारे दुसरे यंत्र. दोघांचा मेळ नव्हता. रजेवरील मनुष्य दुसऱ्या यंत्राच्या दृष्टीने न सांगता गैरहजर ठरे, आणि काहींस कामावरून काढल्याचे कळविले गेले. डॉक्टरांचे दाखले पाठविले ते कोठे गेले याचा पत्ता लागेना. बरे होऊन परत येण्यास सिद्ध असलेले काही जण, कागद पुढे सरकेना म्हणून आठवडेच्या आठवडे मिळकतीवाचून घरी बसले. विचारावयास दूरध्वनी करावा, तर आधी यंत्राचा आवाज, आणि पुढे ज्यांच्यापर्यंत तो पोहोचे ते कामाने गांजलेले कारकून कोस्टारिकात, लास व्हेगास शहरात आणि आपल्या हिंदुस्थानात बसलेले. कंपनीने चुका झाल्याचे मान्य केले, आणि बुडालेले पैसे परत करीत असल्याचे सांगितले. हे सांगणे न्यायास धरून आहे.

ह्या हकीकतीत दुष्ट मनुष्य कोण, हे शोधू गेल्यास कोणीच सापडत नाही. जुन्या गोष्टीत आजारी दासास वाटेत टाकणारा एक अमालेकी तरी होता. येथे ज्याने यंत्र बसविले त्यास त्या जखमी बाईचे नाव ठाऊक नाही. ज्या कारकुनाने दूरध्वनी घेतला त्याच्या हाती काही बदलण्याचा अधिकार नाही. गोदामाच्या देखरेखीवरील मनुष्य म्हणतो, रजेचे खाते माझ्याकडे नाही. प्रत्येकजण खरे बोलतो, आणि तरी त्या बाईच्या घरी भाड्याचे पैसे येत नाहीत. एका मनुष्याने जे कर्म समोरासमोर करावयास तो लाजला असता, तेच हजार माणसांत वाटून दिले म्हणजे कोणासच लाज वाटेनाशी होते. कर्ज शंभर वारसांत विभागले तरी सावकाराची रक्कम रुपयाने उणी होत नाही. वारसांपैकी प्रत्येकजण आपल्या हिश्श्याकडे बोट दाखवू शकतो, इतकेच.

असा प्रकार घडण्यास अमेरिकाच लागते असे नाही. आपल्या बीड जिल्ह्याकडील ऊसतोड मजूर जोडपी साखर कारखान्यांसाठी तोडणी करितात. पण त्यांचा करार मुकादमाशी. उचल घ्यावयाची मुकादमाकडून, आणि एक दिवस आजारपणाने कामावर न गेल्यास खाडा भरावयाचा तोही मुकादमास. पाचशे रुपये रोज, क्वचित अधिक, असा खाडा कापल्याच्या हकीकती बाहेर आल्या आहेत. वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. आजारी पडलेल्यास त्या दिवसाची मजुरी मिळत नाही एवढेच नव्हे, तर उलट त्यानेच दंड भरावयाचा. देणे फिरून उलट्या दिशेस वाहू लागले! २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. त्याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांत खाजगी दवाखान्यांचा लोभही आहे; परंतु पाळीच्या व दुखण्याच्या दिवसांत खाडा पडतो ही भीती पुष्कळ स्त्रियांनी स्वमुखाने सांगितली आहे. कारखान्यास विचारावे, तर मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. मुकादमास विचारावे, तर कारखान्याने गाळप थांबू नये म्हणून सांगितले आहे. तेथे अमेरिकेत मुकादमाचे काम यंत्राने केले, इतकाच दोहोंत फरक दिसतो.

मालकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुखण्याचे सोंग करणारे असतात, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक सोबत्यांवरच दुप्पट काम पडते. अशांस आळा घालणे मालकाचा हक्क आहे, आणि त्यासाठीच डॉक्टरांचे दाखले असतात. परंतु वर जी हकीकत सांगितली, तीत पुराव्याची उणीव नव्हती. पुरावा दिलेला होता, तो हरवला कंपनीच्या घरी. आणि सोंग एकाच बाजूस असते असे का मानावे? काही कारखान्यांच्या दारावर पाटी असते की, आज इतके दिवस अपघातावाचून गेले. त्या पाटीवरील आकडा मोडू नये म्हणून हातास पट्टी बांधलेल्या माणसास घरी न पाठविता कचेरीत खुर्चीवर बसवून ठेवितात, म्हणजे तो दिवस रजेत मोजला जात नाही. हलके काम देणे ही चांगली गोष्ट होऊ शकते; ज्यास बसून काम करणे झेपते व आवडते, त्यास ती मोठी दया आहे. पण डॉक्टरने पडून राहा म्हटलेल्यास आकड्यासाठी खुर्चीवर बसविणे, ह्यास दुसरे नाव नाही.

आता राहिला प्रश्न तुम्हांआम्हांचा. आपल्या खेड्यांतील पुष्कळ मुले चाकण व भिवंडी येथील कारखान्यांत व गोदामांत कामास आहेत, आणि काही शिकलेली मुले अशाच कोणा कंपनीच्या कचेरीत बसून परदेशच्या माणसांचे दूरध्वनी घेत असतील. जो कारकून त्या यंत्रापाशी बसला आहे, त्याच्या हाती रजा मंजूर करणे नसेल. पण दाखला मिळाला अशी नोंद लगेच करणे, आणि हरवला असल्यास हरवला असे खरे लिहिणे, एवढे तर त्याच्या हाती असते. कंपनी त्यास त्याबद्दल शाबासकी देईल असे आम्ही सांगत नाही. कित्येकदा त्यास दर तासास इतके दूरध्वनी पुरे करावयाचे असतात, आणि एका माणसापाशी अधिक वेळ थांबला तर त्याच्याच नावे उणे लागते. त्या कारकुनाचाही वेळ त्याचा राहिलेला नाही.

आणि जेथे जखमी मनुष्य घरी येऊन पडला आहे, तेथे मंडळीच्या उपदेशकाने भेटीस जाताना प्रार्थनेबरोबर थोडी कागदपत्रांचीही विचारपूस करावी, अशी आमची विनंती आहे. इजा कोणत्या दिवशी, किती वाजता झाली, हे कारखान्याच्या अपघाताच्या वहीत चढले आहे काय? दाखल्याची एक प्रत घरी ठेविली आहे काय, की एकुलता एक कागद ठेकेदाराच्या खिशात गेला? त्याचे नाव राज्य विमा योजनेत आहे काय? २०१७ सालापासून मासिक एकवीस हजार रुपयांपर्यंतच्या वेतनास ती लागू करण्यात आली, आणि कामावरील इजेने घरी बसलेल्यास वेतनाचा बहुतेक भाग, शेकडा नव्वदच्या सुमारास, देण्याची तीत सोय ठेविलेली; पण ठेकेदाराने नावच नोंदविले नसेल तर ते आधी कळले पाहिजे. रजा कोणी दिली? तोंडी दिली असल्यास त्या मनुष्याचे नाव व तारीख त्याच रात्री लिहून ठेवावी, आणि घरात लिहिता येणारे कोणी नसेल तर उपदेशकाने लिहून द्यावी. पुढे वाद पडतो तेव्हा दुखणे किती मोठे होते यापेक्षा कोणत्या तारखेस कोणास कळविले होते, हेच बहुधा विचारले जाते.